हळदीच्या आधी बसवलेला दात

लग्न चार दिवसांवर आलं आणि हापशाच्या दांड्यानं माझा पुढचा दात उडवला. वरचा, अगदी मधला. दोष कुणाला द्यावा असं काही नव्हतं. आमच्या गावच्या हापशाचा दांडा पहिल्यापासूनच खोडसाळ. जोरात दाबला आणि हात निसटला की उसळी मारून वर यायचा. गावातल्या कितीतरी बायांच्या हनुवटीला त्याचा प्रसाद मिळालेला होता. मला मात्र त्यानं तोंड उघडं असताना गाठलं, कारण मी हसत होते. मैत्रीण माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या मिशीवरून काहीतरी बोलली होती. काय बोलली ते आता आठवत नाही. पण हसले ते आठवतं.

घरात मला खिदळी म्हणायचे. वडलांना आम्ही दादा म्हणायचो, ते दिवसातून एकदा तरी ओरडायचे, "लय दात काढू नको." कुणी पडलं तरी मला हसू यायचं, मीच पडले तरी यायचं. त्या दिवशी पदर तोंडाला लावून घरी आले तेव्हा मायला वाटलं, ही पुन्हा हसायलीय. पदर बाजूला केला आणि तिनं आधी माझ्या तोंडाकडं बघितलं, मग दाराकडं. कुणी बघितलं तर नाही ना, याकडं.

दात मुळापासून गेला नव्हता. तिरपा अर्धा तुटला होता आणि उरलेल्या तुकड्यात लालसर ठिपका दिसत होता. वारं लागलं तरी कळ थेट डोक्यात जायची. मायनं हळद दाबली, लवंग दाबली. दादा रानातून आले, त्यांनी बघितलं आणि ओट्यावर बसूनच राहिले.

मी म्हणाले, "सांगून टाका त्यायला. हापशानं दात पडला, ह्यात लपवायचं काय?"

"सांगावा गेला तर परत काय येईल ते कुणाला ठावं?" दादा म्हणाले. "ठरवताना अख्खी दावली आन् देताना मोडकी दिली म्हनतील."

"म्हनू द्या की."

"तू गप बस."

माय त्यांच्यासारखी रागावली नाही. तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बाई, हळदीच्या तोंडावर मोडलेलं लगीन पुन्यांदा जुळत नसतं." मग मी खरोखरच गप बसले. त्यांचं काही चुकत नव्हतं, हेच वाईट होतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या, मांडवाच्या मेढी रोवल्या होत्या. मुलीकडच्यांनी फसवलं असं कुणी एकदा म्हटलं की ते खरं की खोटं हे आमच्या भागात कोण विचारतं! पण मला ज्या घरात जायचं होतं त्या घरात पहिल्या दिवसापासून लबाडी घेऊन जायचं, आणि ती पुन्हा तोंडात घेऊन जायचं, हे मला सोसवत नव्हतं. माझं मत कुणी विचारलं नाही. माझाच दात, माझंच लग्न, आणि त्यात माझा आवाज तेवढा कुठंच नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हळद होती. एकदा हळद लागली की नवरीनं वेशीबाहेर पाऊल टाकायचं नाही, ही आमच्याकडची रीत. ती मोडली असती तर दात राहिला बाजूला, गावच बोललं असतं. म्हणजे जे काही करायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळी परभणीला जाऊन, सगळं त्याच दिवशी उरकून, दिवे लागायच्या आत परत यायचं. त्यात ती वर्षं नामांतराची. विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही यावरून सगळा मराठवाडा पेटायचा, विझायचा, पुन्हा पेटायचा. बंद कधी पुकारतील, एसटी कुठं अडवतील, नेम नसायचा. गावागावांत माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती, आणि आमच्या घरात त्या रात्री चर्चा काय, तर एसटी जाईल का.

एसटी गेली. पेडगावच्या फाट्यावर आम्ही उभे होतो, माझ्या तोंडाला मायचा रुमाल बांधलेला. ओळखीचं जो कोणी भेटला तो विचारायचा, "पोरीला काय झालं?" आणि दादा म्हणायचे, "दाढ सुजलीया." कधी खोटं न बोललेला माणूस; पहिल्यांदा अडखळले, मग त्यांना सवय झाली. तिसऱ्या माणसाला तर त्यांनी कोणत्या बाजूची दाढ तेही सांगितलं. मला एरवी हसू आवरलं नसतं. त्या दिवशी डोळ्यांतून पाणी रुमालावर वाहत होतं आणि लोकांना ते दाढेचं वाटत होतं.

परभणीत बाजारातल्या एका माडीवर दातांचे डॉक्टर बसायचे. हैदराबादला शिकलेले, वयस्क, मराठी बोलता बोलता दखनीत शिरायचे. त्यांनी आरसा लावलेली काडी तोंडात घातली आणि जीभ टाळ्याला लावून चुकचुकले. "नस उघडी पडली की हो, पाटील. कैसा सहन केली बच्ची?"

दादांनी विचारलं, "टोपी बसवता का, टोपी? लोक म्हनतात दातावर टोपी बसवतात."

"बसवतो ना. चिनी मातीची टोपी. पण माप घेऊन हैदराबादला पाठवावं लागतं. तिथं भट्टीत करतात. येईपर्यंत तीन हप्ते धरून चला."

"सांजच्याला हळद हाय," दादा म्हणाले.

डॉक्टर माझ्याकडं बघत राहिले. त्या दिवसात मला माणूस म्हणून बघणारे तेच पहिले. मग त्यांनी कपाटातून एक चपटी पेटी काढली. आत मेणाच्या पट्ट्यांवर चिनी मातीचे तयार दात ओळीनं बसवलेले होते, मक्याच्या दाण्यांसारखे. म्हणाले, यातला एक घ्यायचा, घासून मापाचा करायचा. मोडका दात हिरडीपर्यंत कापायचा, मुळातली नस काढायची, तिथं धातूची खुंटी बसवायची आणि तिच्यावर हा दात सिमेंटनं चिकटवायचा. संध्याकाळपर्यंत घरी. "पण हे जल्दीचं काम आहे, पाटील. जल्दीच्या कामाची ग्यारंटी मी देत नाही."

"चार दिस टिकंल न्हवं?"

हे ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार दिवस! मला त्या घरात जन्म काढायचा होता आणि दादा चार दिवसांची बोली करत होते. मी काहीतरी म्हणायला गेले, तेवढ्यात डॉक्टरांनी सुई टोचली आणि माझा वरचा ओठ माझा राहिला नाही.

रंग जुळवायची वेळ आली तेव्हा दादांनी पेटीतल्या सगळ्यांत पांढऱ्या दातावर बोट ठेवलं. "ह्यो बसवा. नवरी हाय." डॉक्टर हसले. आमच्या गावात हापशाच्या पाण्यानं सगळ्यांचेच दात पिवळट, माझेही. "एक पांढराशुभ्र बसवला तर बाकीचे सगळे खोटे वाटतील, पाटील." मग त्यांनी एकेक दात माझ्या दातांशेजारी धरून बघितला. दोन पुरुष माझ्या तोंडात वाकून कोणता पिवळा जास्त पिवळा यावर बोलत होते आणि मी आ करून छताकडं बघत होते. छताला पाल होती. ती निदान हलू शकत होती.

यंत्र सुरू झालं. त्या आवाजाविषयी मी काही सांगणार नाही, ज्यानं ऐकलाय त्याला ठाऊक आहे. दुखत नव्हतं, पण आपल्याच हाडाचं पीठ होतंय आणि त्याचा वास आपल्याच नाकात येतोय हे कळत होतं. बराच वेळ ते चाललं. डॉक्टरांनी मला चूळ भरायला सांगितली, आणि मी जिभेनं चाचपलं तर तिथं दात नव्हताच. जो अर्धा होता तोही गेला होता. नुसती हिरडी आणि मध्ये एक भोक.

आणि लाईट गेली.

पंखा थांबला, यंत्र थांबलं. डॉक्टर खिडकीशी गेले, खाली कुणाला तरी विचारून आले. "आली तर तासाभरात येईल. नाही तर मग संध्याकाळीच."

त्या खुर्चीत मी जशी लाचार झाले तशी आयुष्यात पुन्हा झाले नाही. बाळंतपणात सुद्धा नाही. माझा दात काढून टाकलेला, दुसरा बसवलेला नाही, घरी हळद वाटून ठेवलेली, आणि सगळं अडलेलं एका तारेवर. रडावं म्हटलं तर तोंडात कापसाचे बोळे. दादा उभे राहायचे, बसायचे, पुन्हा उभे राहायचे. शेवटी डॉक्टरांनी कोपऱ्यातलं एक जुनं यंत्र ओढून आणलं. पायानं चालवायचं, शिवणयंत्रासारखं. त्यांनी धूळ पुसली, पाय लावला, ते कुरकुरत फिरायला लागलं. पण आता तोंडात उजेड नव्हता. डॉक्टरांनी भिंतीवरचा दाढीचा आरसा काढून दादांच्या हातात दिला आणि त्यांना खिडकीत उभं केलं. उन्हाची तिरीप माझ्या तोंडात पाडायची, एवढंच काम.

दादांच्या हातात आरसा ठरत नव्हता. दिवसभर औत धरणारा हात तो. तिरीप माझ्या डोळ्यात जायची, नाकावर यायची, भिंतीवर पळायची, पुन्हा सापडायची. डॉक्टर म्हणायचे, "पाटील, हात स्थिर." दादा म्हणायचे, "हाव, हाव." एकदा मी डोळे उघडले तर त्यांच्या गालांवर पाणी होतं आणि पुसायला हात रिकामा नव्हता. त्या वेळी मला त्यांचा राग येईनासा झाला. फार वेळ नाही, पण थोडा वेळ झाला.

दात बसला. डॉक्टरांनी तोच आरसा माझ्यासमोर धरला. बघितलं तर काहीच घडलं नसावं असं तोंड. फक्त ओठ फार वर गेला की हिरडीजवळ काळपट रेघ दिसत होती. डॉक्टर हात धुता धुता सांगायला लागले, "पुढच्या दातांनी काही तोडायचं नाही. ऊस नाही, पेरू नाही. भाकरी मोडून दाढेकडं सारायची. दातात काही पकडलं आणि दुसरीकडून ओढ बसली, की खुंटीसकट बाहेर येईल. समजली, बेटी?"

समजलं. आणि त्याच क्षणी मला विडा आठवला.

आमच्याकडं लग्नानंतर सासरी हळद उतरवताना नवरानवरीचे खेळ असतात. सुपारी सोडवायची, अंगठी शोधायची, आणि सगळ्यांत शेवटी विडा तोडायचा. पानाची सुरळी नवरीनं पुढच्या दातांत घट्ट धरायची आणि नवऱ्यानं हात पाठीशी बांधून तिचं दुसरं टोक आपल्या दातांनी तोडून घ्यायचं. नुसतं पान पटकन तुटतं, म्हणून बाया आत मुद्दाम खोबऱ्याचा जाड तुकडा घालतात. नवरा ओढतो, नवरी सोडत नाही, भोवती पन्नास बाया ओरडत असतात. जिनं लवकर सोडलं तिला जन्मभर ऐकावं लागतं. म्हणजे डॉक्टरांनी जे करायचं नाही म्हणून सांगितलं, नेमकं तेच मला सगळ्या सासरच्या देखत करायचं होतं. दात निघाला असता तो नवऱ्याच्या तोंडात.

डॉक्टरांना विचारायलाच हवं होतं. मी सगळा जीव एकवटून म्हणाले, "इ... डा..." ओठ मेलेला, लाळ गळत होती. डॉक्टर वाकले. "काय म्हणते?"

दादा घाईघाईनं म्हणाले, "न्हाई हो, पान-बिन काई खात न्हाई. पोरगी वळणाची हाय."

"अच्छी बात है," डॉक्टर म्हणाले, आणि आम्ही जिना उतरलो.

संध्याकाळी हळद लागली. मायनं कानात सांगितलं, "ओठ मिटून ऱ्हा. हसू नको." दादांनी तर मला देवासमोर उभं करून शपथ घातली होती, तुझ्या तोंडून निघालं तर बापाचं नाक कापलं जाईल. लग्नात मी ओठ मिटूनच होते. फोटोवाला "जरा हसा" म्हणून थकला. घास भरवताना मी शिऱ्याचा कणभर घास जिभेवर घेतला आणि बाया म्हणाल्या, लाजरी हाय. सासरी पाठवताना मोठ्यानं रडायचं असतं, तेही मला नीट जमलं नाही. मला मायपासून तुटल्याचं दुःख होतं का विड्याची भीती होती, हे त्या वेळी तरी मला वेगळं करता आलं नसतं.

सासर मानवतच्या अलीकडं. दादा मला पोचवायला आले होते. दुसऱ्या दिवशी अंगणात पाट मांडले. माझी सासू ठेंगणी, कमी बोलणारी. मला बघायला आली तेव्हासुद्धा तिनं एकच प्रश्न विचारला होता, "माय बरी हाय का?" मी तिला आत्याबाई म्हणायचे. खेळ सुरू झाले. माझ्या मुठीतली सुपारी नवऱ्यानं सहज सोडवली, कारण माझ्या हातात जोरच नव्हता. अंगठीही त्यांनाच सापडली. ते हळूच म्हणाले, "जिंकू द्यायचं ठरवलंय का?" एरवी मी खदखदून हसले असते. मी मान खाली घातली.

मग चुलतसासू तबक घेऊन आली. त्यात विडे होते, जाडजूड. बाया उठून जवळ सरकल्या. मी मनात म्हणत होते, आता निघेल, आता ह्या सगळ्यांसमोर निघेल, मांडव अजून उभा आहे, दादा परत गेलेले नाहीत. चुलतसासूनं विडा उचलला.

"ऱ्हाऊ द्या ते," दारातून आत्याबाई म्हणाल्या. "आपल्यात इडा तोडत न्हाईत."

चुलतसासू काही बोलणार तेवढ्यात आत्याबाईंनी तबकच उचललं. "चला, पानी निवायलंय. लेकरं कवापासून ओल्या हळदीत बसलेत." बाया कुरकुरत उठल्या. मला वाटलं, देवच धावला. प्रत्येक घराची रीत निराळी असते, आमच्याकडं एका गल्लीत दोन रिती असतात. मला शंका घ्यायचं कारणच नव्हतं.

त्यानंतरचं वर्ष मी ओठ मिटून काढलं. दात हुबेहूब होता, पण मला ठाऊक होतं ना! काळी रेघ दिसेल, कुणी विचारेल, विचारलं तर काय सांगू. मधेच तो हलल्यासारखा वाटायचा. मी चुलीपुढं बसून जिभेनं तपासायची. बोलायची तेही ओठ न उचलता, त्यामुळं सगळं पुटपुटल्यासारखं. संक्रांतीच्या सुमारास सगळे फडात ऊस सोलून खात होते, मी म्हणाले मला आवडत नाही. आत्याबाईंनी न बोलता विळ्यानं बारीक गंडेऱ्या करून माझ्यापुढं ठेवल्या. मला वाटलं, लाडावलेली म्हणून टोमणा मारायल्यात. माझा संताप झाला, पण संतापायला तरी तोंड उघडावं लागतं.

माझे यजमान सुरुवातीला फार थट्टेखोर होते. आत-बाहेर जाताना एखादं वाक्य टाकून जायचे, माझ्याकडं चोरून बघायचे, हसते का. मी हसायची नाही. आत पोटात हसू उकळत असायचं आणि वरून मी खांबासारखी. सांगावंसं फार वाटायचं. कितीदा ओठावर आलं. पण दादांनी घातलेली शपथ आडवी यायची. हळूहळू त्यांनी थट्टा करणं सोडलं. मग कामापुरतं बोलणं उरलं. बैलाला पाणी दाखवलं का, भाकरी बांधली का.

पुढच्या उन्हाळ्यात धाकट्या दिराचं लग्न झालं. नवी जाऊ घरात आली, त्याच अंगणात पाट मांडले, मी हळदीची वाटी घेऊन उभी. सुपारी झाली, अंगठी झाली. आणि आत्याबाई स्वतः विडा घेऊन आल्या. खोबरं दाबून भरलेला. त्यांनी तो नव्या नवरीच्या दातांत दिला आणि म्हणाल्या, "धर घट्ट. सोडू नकोस बगं."

मी शेजारच्या चुलतसासूला विचारलं, "आपल्यात तोडत न्हाईत न्हवं?"

"आपल्यात?" ती हसायला लागली. "सात पिढ्या तोडायलेत. तुपल्याच टायमाला हिनं अडवलं. पोरीचा दात लावलेला हाय, चारचौघीत निगून आला तर लेकरू मेल्याहून मेलं होईल म्हनली."

"तुमाला ठावं होतं?"

"सगळ्या बायायला ठावं होतं. हापशावरची गोष्ट, बाई. पेडगावच्या बाजारातनं मानवतच्या बाजारात यायला किती येळ?"

खेळ रंगात आला होता. मी वाटी खाली ठेवली आणि आत्याबाईंच्या मागं मागं न्हाणीपाशी गेले. त्या हंड्यात हात घालून पाणी किती तापलंय ते बघत होत्या.

मी म्हणाले, "दाताचं ठावं होतं, तर बोलला कामून न्हाईत?"

त्यांनी हात पदराला पुसला. "तू सांगनास, म्या कशी ईचारू? झाकली मूठ सव्वा लाखाची. तुपल्या बापानं झाकलेली, म्या कशापायी उघडू?"

"पर आत्याबाई, मी वरीसभर हसले न्हाई."

त्यांना खरंच नवल वाटलं होतं. "आगं माय," त्या म्हणाल्या, "मला वाटलं, सभावच हाय तुपला."

ज्या बाईनं मला वाचवलं तिच्यावर ओरडायचं कसं? दादांवर ओरडावं तर ते भिंतीवरच्या उन्हाची तिरीप पकडायला धडपडताना दिसायचे. सगळ्यांनी माझं भलंच केलं होतं. मी एवढंच विचारलं, "ह्यायला ठावं हाय का?"

"त्याला कशापायी? बायाबायांतली गोष्ट."

यजमान मांडवात जेवणाच्या सतरंज्या गोळा करत होते. दिवसाढवळ्या नवऱ्याशी बोलायची रीत नव्हती, तरी मी सरळ गेले आणि सगळं सांगितलं. हापसा, परभणी, आरसा, शपथ, एका दमात. त्यांनी सतरंजी खाली ठेवली. दात बघायला मागितला नाही, फसवलं म्हणाले नाहीत. अंगणात नव्या नवरीनं विडा सोडला नव्हता वाटतं, बाया ओरडत होत्या.

मग म्हणाले, "मला वाटलं, घरच्यायनं बळंच दिलं तुला. मी पसंत न्हवतो."

वर्षभर ते हे मनात घेऊन माझ्या शेजारी जेवले होते, झोपले होते, शेतात गेले होते. मी त्यांना नाही म्हणाले, तसं नाही, पुन्हा पुन्हा म्हणाले. त्यांनी ऐकल्यासारखी मान हलवली, आणि सतरंजी उचलून झटकायला लागले.